चहाचं आधण आणि शनिवारचा फोन

नमस्कार. पत्रिकेवर ‘सैनिकांच्या मेंदूची दुखापत : पुनर्वसनाचं संशोधन’ असं छापलंय. संशोधनावर येतेच, पण आधी महूला जाऊन येऊ. इथल्या, इंदूरच्या कितीतरी घरांतली माणसं तिथल्या लष्करी छावणीत राहून आलीत, रस्ता सांगायला नको.

तिथे एक हवालदार होते. गाडी उलटून डोक्याला मार बसला, तासाच्या आत शुद्धीवर आले. पुढे चालू-बोलू लागले, घरी आले. रुग्णालयातून सोडतानाच्या, सुट्टीच्या कागदावर शेरा एवढाच, ‘प्रकृती समाधानकारक’. घरी काय करून घ्यायचं, याची एक ओळ नाही. त्या कोऱ्या जागेचा मला अजून राग येतो.

चौथ्या दिवशी ते चहा करायला उठले. गॅस मोठा, पातेलं तापतंय, पाण्याचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उकळलं, साखर दोनदा पडली, पत्ती डब्यातच. सासूबाई म्हणाल्या, आळस भरलाय. अहो, वीस वर्षं पहाटे साडेचारला उठून बूट चमकवणारा माणूस आळशी? साखर, पत्ती, दूध, सगळं ते ओळखत होते. कशानंतर काय, हा क्रम लावणारा कपाळामागचा भाग दुखावला होता.

वहिनींनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नीनं, मुलाच्या वहीची पाच पानं ओट्यामागच्या फरश्यांवर चिकटवली : पाणी, साखर, पत्ती, दूध, गॅस बंद. एकेक झालं की हवालदारांनी बरोबरची खूण करायची. दर आठवड्याला इंदूरहून जाणं मला जमेना, म्हणून शनिवारी संध्याकाळी फोन. “ताई, आज तीनच पानांकडे बघितलं त्यांनी!” वहिनींचा तो आवाज अजून कानात आहे. दिवाळीला गेले, तर फरश्या मोकळ्या आणि चहा हवालदारांच्या हातचा. साखर जरा जास्त होती, पण इंदुरात साखरेची तक्रार कोण करतो?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगते.

पहिल्या महायुद्धात कुर्ट गोल्डस्टाइननी फ्रँकफुर्टला अशा जखमी सैनिकांसाठी संस्था काढली, तिथे उपचारांबरोबर कार्यशाळाही होत्या. मग थेट 2000 साल, अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला अभ्यास. मध्यम ते गंभीर दुखापतीचे 120 सैनिक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला रुग्णालयात 8 आठवडे उपचार. दुसऱ्याला घरीच करायचे व्यायाम आणि आठवड्यातून एकदा परिचारिकेचा फोन. वर्षानंतर कामावर परतले रुग्णालयाच्या गटातले 90 टक्के, घरच्या गटातले 94. लष्करी सेवेला योग्य ठरले 73 आणि 66. हे फरक योगायोगानंही पडू शकतात इतकेच. मात्र तासाहून जास्त बेशुद्ध राहिलेल्यांचाच वेगळा हिशोब केला, तर सेवेला योग्य ठरले 80 आणि 58, म्हणजे रुग्णालयाचं पारडं जड. अशांना घाईनं घरी पाठवू नका. शिवाय काहीच उपचार नसलेला गट तिथे नव्हता, त्यामुळे आपोआप किती सुधारलं असतं, ते यातून कळत नाही.

माझी मागणी एकच. सुट्टीच्या कागदावर एक वार, एक वेळ आणि फोन करणाऱ्या परिचारिकेचं नाव लिहा. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांनी बाहेर पायऱ्यांवर थांबा. वहिनींची ती पाच पानं मी आणली आहेत.