मेल्ड्रिक टेलर: त्या 2 सेकंदांच्या आधी काय झालं?

बॉक्सिंग बघणाऱ्यांमध्ये एक वाद 1990 पासून चालूय आणि तो मिटायचं नाव घेत नाही: रेफरीने ती फाइट थांबवली ते बरोबर की चूक? 17 मार्च 1990, लास वेगास. एका बाजूला मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ, तोपर्यंत एकही फाइट न हरलेला, आणि समोर फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर, वय 23, तोही न हरलेला, मध्ये एक ड्रॉ फक्त. 140 पाउंडचा गट, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो, आणि दोघांकडेही एकेक बेल्ट, म्हणजे दोघंही त्या गटाचे वर्ल्ड चॅम्पियन. फाइट 12 राउंडची. रेफरी रिचर्ड स्टीलने ती थांबवली तेव्हा घड्याळात उरले होते 2 सेकंद.

जरा हिशोब बघा. 11 राउंडनंतर तीनपैकी दोन जजेसच्या पॉइंटच्या कार्डवर टेलर पुढे होता, 108-101 आणि 107-102, तिसऱ्याने चावेझला एका पॉइंटने पुढे ठेवलेलं. शेवटच्या राउंडमध्ये टेलर खाली पडला त्याचे पॉइंट कापले तरी बेल वाजेपर्यंत नुसता उभा राहिला असता तर जिंकला असता. हातातोंडाशी आलेला घास.

हे फुटेज इथं स्लो करून बघूया. चावेझचा उजवा लागतो, टेलर कोपऱ्यात पडतो, दोर धरून उठतो. त्याच्या मागे तो लाल दिवा लुकलुकतोय ना, तो शेवटचे 10 सेकंद सांगणारा. स्टील आकडे मोजतो आणि विचारतो, ठीक आहेस ना? उत्तर नाही. पुन्हा विचारतो. तेवढ्यात टेलरचा ट्रेनर लू डुवा रिंगच्या कडेवर चढतो, टेलरची मान तिकडे वळते, आणि स्टील दोन्ही हात हलवतो. संपलं. स्टीलचं म्हणणं पुढे कायम तेच राहिलं, घड्याळ बघणं हे रेफरीचं काम नाही. आम्हाला विचाराल तर तो बरोबर होता, आणि हो, ह्यावर शिव्या पडणार आहेत माहितेय.

पण टेलरचं करिअर त्या 2 सेकंदांत गेलं असं जे सांगतात ते त्याच्या आधीच्या जवळजवळ 36 मिनिटांबद्दल बोलतच नाहीत.

त्या 36 मिनिटांत टेलरने ठोसे जास्त मारले, कितीतरी जास्त. हात इतके फास्ट की टीव्हीवर मोजायला जमत नाही. हाच पोरगा 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये 17 व्या वर्षी गोल्ड घेऊन आलेला. त्याला खरं तर मारून बाजूला सरकता येत होतं, पाय तसे होते त्याच्याकडे, पण तो सरकला नाही, समोर उभा राहून देवाणघेवाण करत बसला आणि चावेझचा एकेक ठोसा कमी पण जड. शेवटच्या राउंडला तर त्याच्याच ट्रेनर लोकांनी कॉर्नरमधून त्याला सांगितलं की हा राउंड तुला जिंकावाच लागेल. पुढे असलेल्या माणसाला! झालं, तो पुन्हा भिडायला गेला. फाइटनंतर हॉस्पिटलमध्ये कळलं, चेहऱ्याचं हाड मोडलंय, तोंड सुजून ओळखू येईना, बरंच रक्त पोटात गेलेलं, आणि लघवीतूनही रक्त.

आणि ही सवय त्या एका रात्रीची नव्हती. फिलाडेल्फियाच्या जिमा कशासाठी प्रसिद्ध आहेत, तर तिथलं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, ही फाइटच असते, कॅमेरा आणि पैसा नसलेली. लोकांना वाटतं हेडगिअर घातलं की झालं. हेडगिअरने भुवई फुटायची वाचते, मेंदू वाचत नाही. पाकातल्या मोरावळ्याची बरणी जोरात हलवा, आवळा आतून काचेला आपटतो की नाही, तसंच कवटीच्या आत होतं, बाहेर काच शाबूत. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरने 1928 मध्येच बॉक्सर लोकांच्या ह्या दुखण्यावर लिहून ठेवलंय, अडखळतं बोलणं, चालताना तोल जाणं, सगळं.

बरं, ह्यावर लोक म्हणतात, अहो पण जानेवारी 1991 ला तो ॲरन डेव्हिसला हरवून 147 पाउंडचा चॅम्पियन झाला की! झाला ना. खरंय. आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट झाली, कारण बेल्ट आला म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं गडी सावरला. मग मे 1992 मध्ये त्याला अजून वरच्या गटात, 154 पाउंडमध्ये, टेरी नॉरिससमोर उभा केला. नॉरिस त्या वजनाचाच माणूस, दणकट आणि हातानेही फास्ट. चौथ्या राउंडला खेळ खल्लास. हा बेत कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला क्रिसान्तो एस्पान्याने आठव्या राउंडला थांबवलं आणि 147 चा बेल्टही गेला. वय किती, तर नुकतं 26 लागलेलं.

हात तेव्हाही चालत होते हो, पण पाय जड, आणि आधी ज्या ठोशाला डोकं आपोआप हलायचं तो आता सरळ लागायचा.

1994 ला चावेझबरोबर रिमॅच झाली. तिकिटं पहिल्या फाइटच्या नावावर खपली, आणि टेलर पुन्हा आठव्या राउंडलाच संपला. तिथे थांबायला हवं होतं, पण थांबवणार कोण? अमेरिकेत बॉक्सरला खेळायची परवानगी देणारं कमिशन प्रत्येक राज्याचं वेगळं, एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याचं दार ठोठवायचं. त्यामुळे टेलर छोट्या छोट्या हॉलमध्ये खेळत राहिला. नंतर टीव्हीवर त्याची मुलाखत दाखवली तेव्हा जुने फॅन हादरले, शब्द एकमेकांत अडकत होते, वाक्य नीट कळायचं नाही.

शेवटची फाइट 2002 मध्ये. वय 35. एकूण 47 फाइट, 38 जिंकल्या, 1 ड्रॉ, 8 हरल्या, आणि त्या आठांतली पहिली चावेझची.