चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि विसरलेला ब्रेक

हा सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल, 1929 सालचा. नदीची पातळी इथंच मोजतात. पावसाळ्यात सांगलीकर उठला की चहाच्या आधी विचारणार, "किती फूट झालं?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ.

कॉलेजात आम्ही यावरच सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम केलेला. पातळी टाकायची, मेसेज येणार. आता सी च्या स्विचमध्ये, म्हणजे कुठला आकडा आला तर काय करायचं ते एकेक केस करून सांगायच्या यादीत, चाळीस ते चव्वेचाळीस असं सरळ लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक फुटाला वेगळा केस, स्क्रीनभर नुसते केसच केस (डोक्यावरचे गेले ते वेगळेच), आणि त्या गर्दीत एक ब्रेक, म्हणजे "इथं थांब" सांगणारा शब्द, लिहायचा राहिला. सरांनी 41 टाकलं तर "सावध रहा" आलं आणि त्याच्याखाली लगेच "घर सोडा" पण आलं. सर म्हणाले, अरे एवढ्यात सगळ्यांना मिरजेला पाठवतोस का!

सी मध्ये केस जुळला की तिथनं पाणी खाली वाहत सुटतं, ब्रेक लावाल तिथंच अडणार. बरं, ब्रेक नको तिथं पडला तरी घोळच. 15 जानेवारी 1990 ला अमेरिकेत एटी अँड टी चं लांब पल्ल्याचं फोन नेटवर्क नऊ तास कोलमडलं, शोधलं तर सी च्या कोडमध्ये चुकीच्या जागी बसलेला एक ब्रेक.

पुढच्या भाषांनी मग दारच उलटं बसवलं. 2009 ची गो, 2014 ची स्विफ्ट, यांच्यात केस संपला की दार आपोआप बंद, खाली जायचंच असेल तर फॉलथ्रू असं स्वतः लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलंय. सी शार्प तर ब्रेक विसरलात की एररच देते. 2020 च्या जावा 14 मध्ये बाण पक्का झाला, केसच्या पुढं बाण काढायचा, ब्रेकची कटकटच गेली, आणि चार केस कॉमा देऊन एका ओळीत. मला विचाराल तर वाचायला हेच सगळ्यात सोपं.

स्विफ्ट आणि रस्टमध्ये चाळीस ते चव्वेचाळीस ही रेंज एका ओळीत बसते. शिवाय एखादा आकडा सुटला तर कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, अडून बसतो, याचं काय करायचं ते आधी सांग म्हणतो.

आमच्या प्रोग्राममध्ये पन्नासच्या पुढं केसच नव्हता. एवढं कुठं जातंय म्हणलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्या पातळीला आमचा प्रोग्राम एक शब्द बोलला नसता.