तापली की बसते

(दृश्य: सकाळ. कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शटर अर्धं वर गेलेलं. आत निळी, चपट्या तोंडाची जुनी पिकअप.)

या गाडीला नाकच नाही. बॉनेट नाही, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीला मांडी लावून, पत्र्याच्या पेटीत. नाव एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोची ही जीप घराण्यातली लेक. १९५६ च्या अखेरीस ती लोकांसमोर आली. तिकडे तिचे दिवस भरत आले होते, तेव्हा १९६५ मध्ये महिंद्राने ती इकडे काढली. १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडणाऱ्या कंपनीला हे इंजिन नवं नव्हतं.

मालकाची तक्रार ऐका. सकाळी लगेच चालू होते. पंधरा-वीस मिनिटं झकास पळते. मग मिसिंग मारायला लागते आणि बसते. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. शिवाय सेल्फ जड फिरतो, रात्री दिवे पिवळे पडतात. आतापर्यंत नवा कार्बुरेटर, नवी बॅटरी, नवे प्लग असं सगळं घालून झालंय. गाडीला नवा रंगही मारलाय. त्या रंगाकडे जरा लक्ष असू द्या.

(दृश्य: मिस्त्री बाकड्यावर, हातात चहा. गाडी आवारात चालू.)

मिस्त्रींनी अजून पान्याला हात लावलेला नाही. आल्या आल्या चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन तेवढं बघून घेतलं. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणजे इंजिनाचं पोट ठीक. आता ते गाडी बंद पडायची वाट बघतायत.

"बसू दे की तिला," ते म्हणतात. "धडधाकट असताना काय तपासायचं?"

(दृश्य: इंजिनाचा आवाज अडखळतो. एक फटका. शांतता.)

आता घाई. गार व्हायच्या आत दुखणं पकडायचंय. सीटच्या मधली पेटी उघडली. आत हरिकेन इंजिन: चार सिलेंडर, २१९९ सीसी, हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये.

पहिला संशय पेट्रोलवर, आणि तो रास्त आहे. बंद पेटीत इंजिन तापतं, नळीतलं पेट्रोल उकळतं, पंप नुसती वाफ ओढत बसतो. घाटात अशा गाड्यांच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळणारे ड्रायव्हर अनेकांनी पाहिले असतील. मिस्त्री कार्बुरेटरच्या घशात डोकावतात आणि हाताने अॅक्सिलरेटर दाबतात. आत पेट्रोलची बारीक, स्वच्छ धार उडते. वाटीत पेट्रोल आहे. इतके पैसे घातलेला कार्बुरेटर दहा सेकंदांत निर्दोष सुटला.

आता करंट. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा. त्याच्या टोपणातली मधली जाड वायर काढली, रबरी मुठीच्या पकडीत धरली आणि तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवलं. "पोरा, सेल्फ मार."

(दृश्य: अगदी जवळून. वायरच्या टोकाशी ठिणगी.)

नीट बघा. ठिणगी निळी हवी, चट्‌चट् आवाज करणारी. ही पिवळी आहे, बारीक, मधेच गायब होणारी. टोपण काढलं, आतला फिरणारा रोटर काढला आणि पुन्हा सेल्फ. खाली पॉइंट दिसतात, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा खटका. आता पॉइंटच्या दोन टोकांमध्येच लख्ख जाळ दिसतोय. ठिणगी प्लगला हवी, ती इथेच उधळली जातेय.

पॉइंटशेजारी बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी दिसतेय, तो कंडेन्सर. कॉइल म्हणजे बॅटरीच्या करंटमधून ठिणगी तयार करणारी तारेची दोन वेटोळी. पॉइंट उघडतात तेव्हा पहिल्या वेटोळ्यातला करंट एकदम तुटला पाहिजे. जितका झटक्यात तुटेल, तितका दुसऱ्या वेटोळ्यात जोर, हजारो व्होल्टचा. पण करंट असा सहज सोडत नाही, तो उघडलेल्या फटीवरून उडी मारू बघतो. ती उडी कंडेन्सर पोटात घेतो. कंडेन्सर गेला की करंट रेंगाळत तुटतो, ठिणगी मरते आणि पॉइंट जळून काळे पडतात. त्यातून जुना कंडेन्सर मोठा लबाड. गार असताना काम करतो, तापला की आतून गळायला लागतो. म्हणून ही गाडी अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर शहाण्यासारखी चालू व्हायची.

नवा कंडेन्सर बसला. पॉइंट घासून साफ केले. कॅमचा उंचवटा बरोबर खाली आणून फट मोजायच्या फीलर गेजची वीस थाऊची पत्ती आत घातली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वीस थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पत्ती किंचित अडत सरकली पाहिजे. ही अडण मीटरवर दिसत नाही, बोटांना कळते.

(दृश्य: गाडी चालू. घड्याळात चाळीस मिनिटं सरलेली.)

बसली नाही. मालकांनी पाकीट काढलं. मिस्त्री मात्र खूष दिसत नाहीत. बंद करून पुन्हा चालू करताना सेल्फ तसाच कण्हत फिरतोय, आणि त्याचा कंडेन्सरशी काही संबंध नाही.

इंजिन चालू होऊ नये म्हणून त्यांनी कॉइलची वायर काढून ठेवली, पोराला सेल्फ मारायला सांगितलं आणि दोन बोटं चोकच्या केबलवर टेकवली. लगेच हात मागे.

"हात लावून बघा, मालक."

केबल चटका देतेय. चोकची केबल! ती तर चोक ओढायची नुसती तार. तिच्यात करंटचं काय काम?

बॅटरीतून निघालेल्या करंटला घरी परतावंही लागतं. सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर इंजिनाच्या ब्लॉकमधून परत निघतात. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं, त्यामुळे चेसिसकडे जायचा रस्ता एकच: तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी. ती वाट अडली की करंट मिळेल त्या चोरवाटेने जातो. इथे त्याला चोकची केबल सापडली.

व्होल्टमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी ब्लॉकला. सेल्फ मारताना आकडा दिसतो २.८ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या खाली हवा होता.

(दृश्य: पट्टीचा बोल्ट सोडताना. रिंगखाली चकचकीत निळा रंग.)

हा तो नवा रंग. मारणाऱ्याने हात आखडता घेतला नाही, जिथे उघडं लोखंड हवं तिथेही दोन थर चढवले. पॉलिश पेपरने जागा पांढरीशुभ्र होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला. मीटर ०.२ वर. सेल्फ गरकन फिरला. डायनॅमोही इंजिनावरच बसतो, त्याचा करंटही याच वाटेने परततो. बॅटरी अर्धपोटी का राहायची आणि दिवे का पिवळे पडायचे, तेही सुटलं.

आमच्या मते या गाडीने आधीच्या सगळ्यांना चकवलं ते इथेच. दुखणी दोन होती आणि जो तो दोन्हींना पुरेल असं एकच कारण शोधत होता.

(दृश्य: संध्याकाळ. मिस्त्री हात पुसतायत.)

"मिस्त्री, मग जुना कार्बुरेटर?"

"तो चांगलाच होता की. कुठाय?"

मालक क्षणभर गप्प. "भंगारात घातला."

(दृश्य: रंकाळ्याच्या कडेचा रस्ता. पिकअपचे दोन दिवे, पांढरे.)