भोपळा आणखी किती वाढेल?

भोपळ्याची कमाल मर्यादा किती, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायला वनस्पतीशास्त्रही लागतं आणि बांधकामाचं गणितही. आधी आकडे पाहू.

१९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉक यांचा भोपळा १८३ किलो भरला. हा विक्रम मोडायला १९७६ उजाडावं लागलं, आणि मोडला तोही जेमतेम बावीस किलोंनी. त्या सत्तर वर्षांत कुणी म्हटलं असतं, ‘झालं, याच्यापुढे भोपळा जात नाही,’ तर त्याच्याशी वाद घालायला पुरावा नव्हता. मग कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं बियाणं निवडत ‘अटलांटिक जायंट’ हे वाण तयार केलं आणि सगळा हिशेबच बदलला. २०१२ मध्ये ९११ किलो, २०१६ मध्ये ११९०, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन या जुळ्या भावांचा १२७८.८ किलोंचा भोपळा. यातल्या पहिल्या चार वर्षांत भर पडली २७९ किलोंची. पुढच्या नऊ वर्षांत फक्त ८८ किलोंची. वेग मंदावलाय, यात शंका नाही. पण वॉर्नॉकनंतरही असंच वाटलं होतं.

तेव्हा आकडे सोडून वेलाकडे वळू. हे शेतकरी एका वेलावर एकच फळ ठेवतात, बाकीची खुडून टाकतात. परागीभवन हातानं करतात. वेलाच्या फांद्या मातीखाली दाबतात, म्हणजे पेरापेराला नवी मुळं फुटतात. ऐन भरात असं फळ दिवसाला वीस-वीस किलोंनी वाढतं. बरंचसं पाणीच, पण सोबत साखरही हवी, आणि त्यासाठी वाट एकच, देठाची. २०१५ साली वनस्पतीशास्त्रज्ञ जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी साध्या आणि राक्षसी भोपळ्यांची तुलना केली. मला वाटलं असतं, राक्षसी वाणाची पानं जास्त साखर बनवत असतील. तसं नव्हतं. फरक निघाला तो रसवाहिन्यांच्या प्रमाणात. माल तितकाच, रस्ता रुंद. निवड करणाऱ्यांनी नकळत हा रस्ताच रुंद करत आणला, आणि तो आणखी रुंद होणारच नाही असं म्हणायला मला कारण दिसत नाही.

अडचण वजनाची आहे. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण ते पेलणाऱ्या भिंतीचा छेद चौपटच. म्हणून मोठे भोपळे गोल राहत नाहीत; वाढता वाढता स्वतःच्या भारानं बसकट होतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या डेव्हिड हू यांच्या गटानं २०११ मध्ये यावर काम केलं. भारामुळे ताण पडतो तसतशी वाढ आडवी पसरते, म्हणजे फळ स्वतःला सावरतं. तरीही वाढीचा वेग सालीला झेपला नाही की तडा जातो. तो आतल्या पोकळीपर्यंत पोचला तर फळ स्पर्धेतून बाद. म्हणून विक्रमांच्या यादीत दिसतात ते फक्त न फुटलेले भोपळे. त्याहून वेगानं वाढणारे किती मध्येच फुटून गेले, ते यादीत कुठे येणार!

आता कुणीतरी विचारेलच, ‘दोन टन होईल का?’ करून पाहू हिशेब. फळाला वाढायला साधारण शंभर दिवस मिळतात. २००० किलोंसाठी रोज सरासरी वीस किलो हवेत. म्हणजे आज जो वेग मोजक्या दिवसांचा उच्चांक आहे, तो पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तसं होत नाही. सुरुवातीला फळ लहान असतं, शेवटी साल टणक होऊन वाढ आपोआप मंदावते. प्लास्टिकच्या मांडवाखाली लागवड केली तर थंडी लांबते, पण फळाचं म्हातारपण लांबत नाही. त्यामुळे दीड टन मला याच वाणांतून शक्य वाटतो. दोन टनांसाठी मात्र साल उशिरा टणक होणारं वेगळं बियाणं लागेल.