पाणी जिथे थांबते

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला आपल्याशी नववीच्या वर्गातील शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांविषयी बोलायचे आहे. पोळ्याच्या आगेमागे ज्यांच्या ओसरीवर मजूर जमवणारा मुकादम येऊन बसतो, बापाच्या हातात आगाऊ मजुरीची उचल पडते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन सुरत-बार्डोलीकडे ऊसतोडीला निघाले की ज्यांच्या नावापुढे हजेरीपटात रांगेने गैरहजेरी लागते, ती ही मुले. खानदेशातल्या साक्री, नवापूर, चाळीसगाव अशा तालुक्यांत ज्यांनी शिकवले आहे, त्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाही.

या मुलांना हातचे कसब शिकवले तर ती शाळेला धरून राहतात, हे आपण सारेच म्हणतो. मला त्यात एक गोष्ट जोडायची आहे. ते कसब खऱ्या कामावर शिकवावे. पुन्हा सांगतो, खऱ्या कामावर. सरावासाठी मातीत बांधून संध्याकाळी उतरवून ठेवायच्या भिंतीवर नव्हे. जे काम उद्या गाव वापरणार आहे आणि बिघडले तर गाव येऊन विचारणार आहे, तेच मुलाला शिकवते.

हा विचार माझा नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची मांडणी केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तेथे शाळा अर्धवट सुटलेली मुले बांधकाम, वेल्डिंग, वीजजोडणी ही कामे प्रत्यक्ष करत शिकू लागली. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात 1978 साली डोरोथी स्टोनमन यांनी वस्तीतील तरुणांना हाताशी धरून एक पडीक इमारत दुरुस्त करायला घेतली. त्यातूनच पुढे ‘यूथबिल्ड’ ही मोठी चळवळ उभी राहिली. आणि आपल्या खानदेशाने तर 1936 साली फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, चित्रकार नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबूचे अख्खे नगर उभे राहिलेले पाहिले आहे. हाताशी असेल त्यातून बांधावे, ही आपली जुनी समज होती. मातीच्या सपाट छताची धाब्याची घरे पाडून पत्रे टाकण्याची घाई आपण केली, ती मला आजही पटत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला विचारून पाहावे.

असो. मला जी हकीकत सांगायची आहे, ती साक्री तालुक्यातील एका गावाची आहे. मी तेथे गणित आणि विज्ञान शिकवत होतो. गावच्या बोअरजवळ गुरांना पाणी पिण्यासाठी हौद नव्हता. चिखलात खळगा करून गुरे पीत असत. आम्ही ग्रामपंचायतीकडून विटा, वाळू आणि सिमेंट मिळवले, गावातल्याच एका गवंडी मिस्तरींना शिकवायला राजी केले, आणि नववीतील सात मुले निवडली. सातही जणांच्या घरून त्या वर्षी उचल घेतली जाणार होती.

हौद आतून आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच ठरला. यात पाणी किती मावेल, असे मी विचारले, तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. मग मुलांनी जमिनीवर काठीने गुणाकार मांडला. अठ्ठेचाळीस घनफूट, म्हणजे सुमारे 1,360 लिटर. एक मोठे जनावर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पिते, तेव्हा एका भरण्यात तीसेक गुरे, हेही त्यांनीच काढले, आणि कोणाच्या गोठ्यात किती गुरे आहेत ते मोजत बसले. वर्गात फळ्यावर हेच घनफळ मी तीन वेळा शिकवले होते.

मिस्तरी चौथी शिकलेले होते आणि कामात कडक होते. विटा आदल्या रात्री भिजत घालायच्या, ओळंबा लावल्याशिवाय पुढचा थर चढवायचा नाही, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट मधोमध बसली पाहिजे. एका मुलाने ओळंबा न लावता दोन थर चढवले, तेव्हा त्यांनी आवाज न चढवता ते त्याच्याच हातून उतरवून घेतले. आतून गिलावा झाला, तळ आणि भिंत यांच्या कोनात सिमेंटचा गोलसर वाटा मारला, आणि सात दिवस पाणी मारण्याच्या पाळ्या लागल्या. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याने घट्ट होते. आश्विनाच्या उन्हात गिलाव्यावर ओले गोणपाट नसेल तर तो तडकतो. हे मिस्तरींनी रोज सांगितले.

आठव्या दिवशी संध्याकाळी हौद काठोकाठ भरला. गाव बघायला जमले होते. सकाळी पाणी चांगले उतरलेले दिसले, आणि बाहेरची माती ओली होती.

मिस्तरींचा चेहरा पडला. आतला सगळा गिलावा फोडून नव्याने करू, असे म्हणत त्यांनी छिन्नी-हातोडा मागवला. तेव्हा सातांपैकी एक मुलगा पुढे आला. वर्गात हा मुलगा वर्षभरात माझ्याशी दहा वाक्येही बोलला नसेल. तो म्हणाला, “दादा, फोडू नका. पानी जठे थांबी, तठेच भेग शे.” पाणी जिथे थांबेल, तिथेच भेग आहे. मी विचारले, हे तुला कोणी सांगितले? तर म्हणे, घरचा माठ झिरपायला लागला की आई तो भरून ठेवते आणि पाणी कुठवर उतरते ते बघते.

आम्ही थांबलो. तो सकाळ-संध्याकाळ हौदात वाकून पाण्याच्या पातळीला कोळशाची रेघ ओढत असे. पहिल्या दिवशी रेघा लांब लांब होत्या, दुसऱ्या दिवशी जवळ आल्या, आणि तिसऱ्या सकाळी नवी रेघ आदल्या रात्रीच्या रेघेवरच बसली. तळापासून एक वीत आणि चार बोटे. मग सगळे पाणी काढून टाकले, आणि भिंती सुकत असताना तो आत उकिडवा बसून त्या उंचीने चारही बाजू पाहत राहिला. बाकीचा गिलावा पांढुरका होत गेला, आणि पश्चिमेच्या भिंतीवर केसासारखी एक काळी ओली रेषा तेवढी राहिली. तिचे खालचे टोक बरोबर कोळशाच्या रेघेवर होते.

ती रेषा सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर क्षणभरच टिकला. मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तिसरे रोज मी पानी मारं नही, सर.” त्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीची पाळी त्याची होती, आणि बाप त्याला मुकादमाकडे घेऊन गेला होता, उचल घेताना मुलगाही कामाला येणार हे दाखवण्यासाठी. दुपारभर उन्हात गोणपाट कोरडे पडले होते. त्याला कोणीही रागावले नाही. मिस्तरींनी त्याच्या हाती छिन्नी दिली, भेगेला धरून खाच पाडायला लावली, ती भिजवून, सिमेंटचे पाणी लावून भरून घेतली, आणि पुढचे सात दिवस त्या भिंतीचे गोणपाट त्याने एकदाही सुकू दिले नाही. त्यानंतर हौद गळला नाही.

श्रोतेहो, मी म्हणतो ते खरे काम हे असे. पाडायच्या भिंतीत भेग पडली असती, तर ती कोणालाच दिसली नसती.

तो मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. मी ते थांबवू शकलो नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाव परत आले, तेव्हा घरी जाण्याआधी तो हौदाजवळ थांबला होता, असे मला मिस्तरींनी सांगितले. जूनमध्ये तो पुन्हा नववीत येऊन बसला. सातांपैकी चौघे शाळेत राहिले, तिघे राहिले नाहीत. त्या तिघांची रुखरुख मला आजही आहे.

ज्या मुख्याध्यापकांना असे काही करावेसे वाटते, त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यावरील मुलांनाही धोक्याचे काम देता येत नाही. म्हणून परांची आणि मिक्सर यांपासून मुलांना दूर ठेवावे, सिमेंटने हात भाजतात म्हणून रबरी हातमोजे द्यावेत, आणि हे शिक्षण आहे, फुकटची मजुरी नव्हे, हे पालकांना घरी जाऊन सांगावे. मिस्तरींना त्यांची पूर्ण मजुरी द्यावी, आणि मुलांसमोर त्यांना अहो-जाहो करावे. भिंत बांधणाऱ्या माणसाला आपण अरे-तुरे करतो, ही आपली फार जुनी चूक आहे. आणि काम श्रावणातच ठरवावे. आम्ही आश्विनात सुरुवात केली, तोवर मुकादम येऊन गेला होता.