पायथन अपग्रेड केला आणि विंडो मिटली

(सोलापुरात छोटे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितात. सुताचा हिशेब, मागावरचं रोजचं उत्पादन, चादरीच्या डिझाईनचा ग्राफ. पायथन आणि पायक्यूटी ५ (विंडो आणि बटणं बनवणारी क्यूटी लायब्ररी पायथनमधून वापरू देणारं पॅकेज) ही जोडी त्यासाठी आपल्याकडे चांगली रुळली आहे. आणि त्या जोडीबद्दलची तक्रारही ठरलेली आहे: "कालपर्यंत चालत होतं. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो, आता बटण दाबलं की विंडोच गायब."

ही तक्रार नीट ऐकली तर निम्मं उत्तर तिच्यातच आहे. उबुंटू २०.०४ सोबत पायथन ३.८ येतो, २२.०४ सोबत ३.१०. आपण म्हणतो सिस्टीम बदलली, पण आपल्या प्रोग्रॅमच्या बाजूने पाहिलं तर पायथन दोन पायऱ्या चढला, आणि चढताना एक जुनी सवलत सुटली.

सवलत अशी होती. क्यूटीसारख्या सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या फंक्शनला पूर्णांक हवा असताना तुम्ही दशांश संख्या दिलीत, तर पायथन गुपचूप अपूर्णांक छाटून पूर्णांक पुढे पाठवायचा. ३.८ मध्ये त्याबद्दल इशारा येऊ लागला. पण असा इशारा मुख्य फाईलमधून आला तरच आपोआप दिसतो, इतर फाईलींमधला दडवला जातो. त्यामुळे बहुतेकांनी तो कधी पाहिलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आला आणि सवलत बंद झाली. आता तिथे थेट टाइपएरर येतो. पायथन ३ मध्ये एका तिरक्या रेघेचा भागाकार नेहमी दशांशच देतो, ८०० भागिले २ म्हणजे ४००.०. विंडो स्क्रीनच्या मधोमध आणायला आपण सगळेच स्क्रीनच्या रुंदीतून विंडोची रुंदी वजा करून २ ने भागतो आणि उत्तर मूव्ह या फंक्शनला देतो. ती ओळ आता चालत नाही.

मग नुसती चूक छापली न जाता अख्खी विंडो का मिटते? पायक्यूटीच्या ५.५ आवृत्तीपासून नियम असा आहे: बटणाला जोडलेल्या फंक्शनमध्ये, किंवा विंडो रंगवणाऱ्या पेंटइव्हेंटसारख्या आपण नव्याने लिहिलेल्या मेथडमध्ये, न पकडलेली चूक आली की क्यूफेटल हे क्यूटीचं फंक्शन बोलावलं जातं आणि प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. हे मुद्दाम केलेलं आहे. पायसाइड या क्यूटीसाठीच्याच दुसऱ्या पायथन पॅकेजमध्ये अशी चूक छापली जाते आणि प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. चूक पेंटइव्हेंटमध्ये असेल तर विंडो दिसते न दिसते तोच जाते, कारण विंडो रंगवताना तो लगेच चालतो. एखाद्या बटणामागे असेल तर ते बटण दाबेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं.

म्हणून पहिलं काम कोड उघडण्याचं नाही, प्रोग्रॅमला बोलतं करण्याचं आहे. आयकॉनवर डबल क्लिक करून चालवू नका, टर्मिनलमधून चालवा. विंडोजवर पायथनडब्ल्यू ऐवजी साधा पायथन वापरा. पायथनडब्ल्यूला कन्सोलच नसतो, चूक छापायला जागाच नसते. पायइन्स्टॉलरने एक्सई बनवली असेल तर कन्सोलचा पर्याय चालू ठेवून ती पुन्हा बनवा. मग शेवटच्या ओळी वाचा. लिनक्सवर 'अबॉर्टेड' आलं, किंवा विंडोजवर उणे १०७३७४०७९१ हा कोड आला, तर बहुतेक वेळा हीच न पकडलेली पायथनची चूक असते आणि तिचा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोणत्या फाईलीत, कोणत्या ओळीवर झाली त्याची यादी, वरच छापलेला असतो. 'सेगमेंटेशन फॉल्ट' किंवा उणे १०७३७४१८१९ आला तर दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो. पेंटइव्हेंटमधल्या चुकीनंतर कधी कधी 'पेंट डिव्हाइस नष्ट करता येत नाही' अशा अर्थाची ओळ शेवटी येते आणि लोक तिच्याच मागे लागतात. ती नुसता परिणाम आहे. खरी चूक तिच्या वरती शोधा.

कारखान्यातल्या मशीनवर टर्मिनल कोण उघडणार, हा प्रश्न रास्त आहे. तिथे सिस मॉड्यूलच्या एक्सेप्टहूकला (न पकडलेली चूक आली की पायथन हे बोलावतो) आपलं फंक्शन जोडा, ट्रेसबॅक तारीख-वेळेसह फाईलमध्ये लिहा आणि वापरणाऱ्याला एक संदेश दाखवा. आपला हूक जोडला की पायक्यूटी प्रोग्रॅम बंद पाडत नाही. पण म्हणून तो तसाच चालू ठेवू नका. अर्धी नोंद डेटाबेसमध्ये गेलेली असू शकते. संदेश दाखवून व्यवस्थित बंद करा.

आता दुरुस्ती. यात सर्वात जास्त घाई होते. ट्रेसबॅकची शेवटची फाईल आपली आहे की साइट-पॅकेजेस या इन्स्टॉल केलेल्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरातली, हे आधी पाहा. पायक्यूटीग्राफ या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हीच चूक आतच होती. तिथे हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या इन्स्टॉलमध्ये ते पुसलं जाईल. लायब्ररीच नवी घ्या.

फाईल आपली असेल तर लोक दिसेल तिथे इंट, म्हणजे अपूर्णांक छाटणारं फंक्शन, गुंडाळतात. तसं करू नका. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाईनचा ग्राफ घ्या. समजा ताण्याचे धागे उचलणारे ३८४ हूक आहेत आणि चित्राला १००० पिक्सेल रुंदी आहे. एका चौकटीची रुंदी २.६०४ येते. तिला इंट लावलं की २ उरतात. ३८४ गुणिले २ म्हणजे ७६८. उजवीकडे २३२ पिक्सेल कोरे राहतात आणि माउसने क्लिक केलेली चौकट भलत्याच हूकवर जाते. क्रॅश गेला, पण डिझाईन चुकलं, आणि ते कापड निघाल्यावर कळणार. त्यामुळे रुंदी छाटू नका, प्रत्येक रेघेची जागा स्वतंत्र काढा: हूकचा क्रमांक गुणिले १०००, आणि मग दोन तिरक्या रेघांनी भागिले ३८४. अशाने चूक साठत जात नाही, शेवटची रेघ बरोबर १००० वर पडते. काही चौकटी २ पिक्सेलच्या, काही ३ च्या होतील. ते डोळ्याला खटकत असेल तर चौकट सरळ ३ पिक्सेलची ठरवा आणि ११५२ पिक्सेलचं चित्र स्क्रोल करता येईल असं ठेवा. ग्राफ तपासणाऱ्याला हेच जास्त सोयीचं पडतं.

दोन तिरक्या रेघांबद्दल एक सावधगिरी. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले तरच उत्तर पूर्णांक येतं. ७.० ला अशा रीतीने २ ने भागलं तर ३.० येतं, म्हणजे पुन्हा दशांश, पुन्हा टाइपएरर. सेटिंग्जच्या फाईलमधून फ्लोट करून घेतलेली संख्या असेल तर हमखास असं होतं. खरोखर दशांशात रेघ काढायची असेल तर क्यूलाइनएफ, क्यूरेक्टएफ हे प्रकार वापरा, ते दशांश घेतात.

प्रोग्रेस बारला राउंड, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर नेणारं फंक्शन, लावू नका. १००० पैकी ९९९ टॉवेल मोजून झाले की राउंड १०० दाखवतो आणि माणूस मशीन बंद करतो. तिथे इंटच बरोबर, ९९ दिसू द्या. टायमरला अर्ध्या सेकंदासाठी ०.५ गुणिले १००० दिलं असेल तर सरळ ५०० लिहा.

आता सेगमेंटेशन फॉल्ट. पायथन चालू करताना डॅश मोठा एक्स फॉल्टहँडलर असं लिहा, पडण्याच्या क्षणी पायथनची कोणती ओळ चालू होती ते छापलं जाईल. मग पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. जुनं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रोग्रॅमसाठी वेगळं ठेवलेलं पायथन आणि लायब्रऱ्यांचं फोल्डर, तसंच वापरताय का? ते पुसा आणि नव्या पायथनने पुन्हा बनवा, फाईली कॉपी करू नका. पायक्यूटी एपीटीने (उबुंटूचा इन्स्टॉलर) एक आणि पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) दुसरं, असं मिसळलंय का? ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी आहे का? लिनक्सवर त्याचं नेहमीचं पॅकेज स्वतःचे क्यूटी प्लगइन घेऊन येतं आणि पायक्यूटीशी भांडतं. त्याची हेडलेस, म्हणजे स्वतःच्या विंडोशिवायची, आवृत्ती घाला. दुसऱ्या थ्रेडमधून लेबल किंवा टेबल बदलताय का? ते आधीही चूकच होतं. नव्या आवृत्तीत थोडी वेळ मागेपुढे झाली की उघडं पडतं. थ्रेडमधून फक्त सिग्नल पाठवा.

पायक्यूटी ६ वर गेला असाल, लिनक्सवर विंडो उघडतच नसेल आणि एक्ससीबी या क्यूटीच्या स्क्रीनशी जोडणाऱ्या प्लगइनची तक्रार येत असेल, तर क्यूटी ६.५ पासून लिब-एक्ससीबी-कर्सर-शून्य हे पॅकेज लागतं, ते एपीटीने घाला.

आणि अजून अपग्रेड केलं नसेल त्यांच्यासाठी: ३.८ असलेल्या मशीनवरच डॅश मोठा डब्ल्यू एरर हा पर्याय लावून प्रोग्रॅम चालवा. इशारे चुका बनून येतील आणि पुढे पडणाऱ्या जागा आजच पडतील. लायब्रऱ्यांचे इतर इशारेही मध्ये येतील, त्यासाठी हा पर्याय फक्त डेप्रिकेशनवॉर्निंगपुरता ठेवा. प्रत्येक बटण दाबा, विंडो लहानमोठी करा, दुसऱ्या स्क्रीनवर ओढून पाहा. आणि प्रिंट विसरू नका. पानाची रुंदी कॉलमच्या संख्येने भागणारी ओळ तिथे असते, आणि ते बटण महिन्याअखेरीस, पगारपत्रक काढतानाच दाबलं जातं.