साखर सोडली, पण मीठ कुठे गेलं?

(पडद्यावर: पहाटेचा रस्ता. धावता धावता एक बाई थांबते, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेते.)

लो-कार्ब आहार, म्हणजे साखर आणि पिष्ट पदार्थ (कार्बोहायड्रेट) खूप कमी केलेला आहार, सुरू होऊन पाच-सहा दिवस झालेले असतात. वजनकाट्यावरचा आकडा भराभर खाली येत असतो. आणि नेमकं याच दिवसांत रोजचं धावणं जड जायला लागतं. पाय उचलत नाहीत. नेहमीच्या चढावर छाती धडधडते. वाकून बुटाची नाडी बांधली आणि उभं राहिलं, की डोळ्यांपुढे अंधारी येते. डोकं दुखतं, रात्री पोटरीत गोळा येतो. मग बहुतेकजण एकच अर्थ काढतात: साखर तोडली, म्हणून ताकद गेली.

साखरेचा वाटा आहेच, त्याकडे पुढे येऊ. पण पहिल्या दोन आठवड्यांतल्या या तक्रारींमागे बऱ्याचदा मीठ असतं. शरीरातून निघून गेलेलं आणि कुणी परत न भरलेलं मीठ.

(पडद्यावर: मूत्रपिंडाची रेखाकृती. गाळलं जाणारं आणि परत रक्तात जाणारं द्रव निळ्या बाणांनी दाखवलेलं.)

ते जातं लघवीवाटे. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं पाणी आणि सोडियम (मिठातला एक घटक) पुन्हा रक्तात घेतात. सोडियम किती राखायचं, हे ठरवणाऱ्या हार्मोन्समध्ये इन्सुलिनही आहे. १९७५ साली राल्फ डीफ्रॉन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसांवर मोजून दाखवलं. रक्तातली साखर स्थिर ठेवून त्यांनी फक्त इन्सुलिन वाढवलं, आणि लघवीतून जाणारं सोडियम घटलं. लो-कार्ब आहारात याच्या उलट घडतं. कार्बोहायड्रेट कमी झाली की इन्सुलिन उतरतं, आणि मूत्रपिंडं सोडियम सोडून देऊ लागतात. सोडियमच्या मागोमाग पाणी जातं.

त्यात ग्लायकोजेनची, म्हणजे शरीरात साठवून ठेवलेल्या साखरेची, भर पडते. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला की हे पाणीही मोकळं होतं. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो, तो असा.

पाणी आणि सोडियम गेलं की रक्तातला द्रवभाग कमी होतो. तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. उभं राहिल्यावर रक्तदाब पटकन सावरत नाही. यावर शरीर उपाय करतं, अल्डोस्टेरॉन वाढवतं. हे हार्मोन सोडियम धरून ठेवतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतं. सोडियमची तूट अशी पोटॅशियमचीही तूट होऊन बसते. म्हणूनच मीठ भरून न काढता नुसत्या पोटॅशियमच्या मागे लागणं मला उलटं वाटतं. आधी मीठ.

(पडद्यावर: १९३० च्या दशकातल्या लंडनमधल्या एका रुग्णालयाची कृष्णधवल छायाचित्रं.)

माणसाच्या शरीरातून फक्त मीठ काढून घेतलं तर काय होतं? हा प्रश्न लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स यांनी विचारला. निरोगी स्वयंसेवकांना त्यांनी मीठविरहित अन्न दिलं आणि उष्णतेखाली ठेवून त्यांच्याकडून भरपूर घाम काढला. प्यायला पाणी होतं, मीठ नव्हतं. काही दिवसांतच जेवणाची चव गेली. स्नायूंत गोळे येऊ लागले. थोड्याशा श्रमाने दम लागू लागला, सतत गळून गेल्यासारखं वाटू लागलं. १९३६ मध्ये मॅकॅन्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या स्वयंसेवकांची साखर कुणी तोडलेली नव्हती. तरीही त्यांच्या तक्रारी आपल्या धावणाऱ्या बाईच्या तक्रारींशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, आणि मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

(पडद्यावर: प्रयोगशाळेतली स्थिर सायकल, फिरणारं चाक.)

१९८३ मध्ये स्टीफन फिन्नी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कार्बोहायड्रेटवर ठेवलं. मध्यम वेगाने दमेपर्यंत सायकल चालवण्याची त्यांची वेळ आधी सरासरी १४७ मिनिटं होती, चार आठवड्यांनंतर १५१ मिनिटं. म्हणजे व्यवहारात तेवढीच. फिन्नींनी या सायकलपटूंना सोडियम आणि पोटॅशियम वरून दिलं होतं, आणि जुळवून घ्यायला पूर्ण चार आठवडे दिले होते. या अभ्यासाचा दाखला देताना खनिजांचा तपशील बऱ्याचदा गळतो. पाच माणसं ही फार लहान संख्या आहे, हेही विसरता कामा नये.

आता साखरेचा वाटा. लुईझ बर्क यांनी ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये जागतिक दर्जाच्या शर्यतीत चालणाऱ्या खेळाडूंवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लो-कार्ब गटातले खेळाडू चरबी जास्त जाळू लागले, पण शर्यतीच्या वेगाने चालताना त्यांना जास्त ऑक्सिजन लागू लागला आणि त्यांची कामगिरी सुधारली नाही. चरबी जाळायला तेवढ्याच ऊर्जेसाठी जास्त ऑक्सिजन लागतो, आणि चिमूटभर मिठाने ते गणित बदलत नाही. चक्कर, डोकेदुखी, धडधड मीठ कमी करू शकेल. शेवटच्या टप्प्यातली झेप ते परत आणून देणार नाही.

(पडद्यावर: कपाळावरून ओघळणारा घाम. काळ्या टी-शर्टवर पांढरे डाग.)

व्यायामात घामाची भर पडते. तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. एका लिटरमध्ये साधारण ५०० ते १,८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि माणसामाणसांत हा फरक खरोखर इतका मोठा असतो. घाम वाळल्यावर कपड्यांवर पांढरे पट्टे उमटत असतील, तर तुमचं मीठ जास्त जातंय असं धरून चालावं. पोटॅशियम त्यामानाने थोडंच जातं, लिटरमागे १५० ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. मॅग्नेशियम तर फारच कमी.

बाजारातली स्पोर्ट्स ड्रिंक इथे फारशी कामाची नाहीत. त्यांत लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम साखर असते आणि सोडियम सहसा ५०० मिलिग्रॅमच्या आत. जुलाबासाठीच्या ओआरएसमध्ये सोडियम भरपूर, पण लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजही आहे. ते ग्लुकोज मुद्दाम घातलेलं असतं, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाटेने बरोबर शोषले जातात. साखरेशिवायही सोडियम शोषलं जातं, त्याला दुसऱ्या वाटा आहेत. व्यायामासाठी तेवढं पुरतं. जुलाब लागले असतील तेव्हा मात्र कार्बोहायड्रेट मोजत बसू नका, ओआरएसच घ्या.

मग करायचं काय? १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी मोठ्या ग्लासभर पाण्यात सुमारे २ ग्रॅम मीठ घालून, किंवा तेवढं खारट सूप, सावकाश प्यावं. घटाघट प्यायलं तर मळमळतं, कधी पोटही बिघडतं. व्यायाम तासाभराच्या आत असेल तर मध्ये काही लागत नाही. त्याहून लांबला आणि घाम भरपूर येत असेल, तर लिटरभर पाण्यात दीड ग्रॅम मीठ. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ मध्ये लांब व्यायामासाठी सुचवलेल्या लिटरमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियमच्या पट्ट्यात ते बसतं.

पोटॅशियम दिवसभराच्या अन्नातून घ्यावं: पालेभाज्या, मासे, मांस, अव्होकाडो. भाजी उकडून पाणी फेकलं तर पोटॅशियमचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. पोटॅशियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मॅग्नेशियमचा व्यायामाच्या त्या तासाशी फारसा संबंध नाही. आणि स्नायूत येणारा प्रत्येक गोळा मीठ कमी पडल्यानेच येतो असंही नाही, थकलेल्या स्नायूंचं आणि मज्जातंतूंचं बिनसलं तरी तो येतो.

(पडद्यावर: औषधांच्या पट्ट्या, रक्तदाब मोजण्याचं यंत्र.)

इथे थोडं थांबायला हवं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लो-कार्बचा पुरस्कार करणारे फिन्नी आणि जेफ वोलेक ३ ते ५ ग्रॅम सोडियम सांगतात. पहिला सल्ला रक्तदाबाची काळजी करत सगळ्या लोकसंख्येसाठी दिलेला आहे, दुसरा इन्सुलिन उतरलेल्या आणि घाम गाळणाऱ्या निरोगी माणसासाठी. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर दुसरा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुमचा नाही. पोटॅशियम क्लोराइड घातलेलं कमी सोडियमचं मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण डोस बदलावा लागू शकतो. शुद्ध हरपली, ठोके अनियमित वाटले, छातीत दुखलं, तर मीठपाणी करत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा.

(पडद्यावर: मॅरेथॉनमधलं पाण्याचं टेबल, पसरलेले कागदी पेले.)

शिवाय नुसतं पाणी पीत राहिल्यानेही धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली, म्हणजे लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी निघालं. त्याच्याशी सगळ्यात जास्त जोडलेली गोष्ट होती धावताना वाढलेलं वजन. त्यांनी गाळलेल्या घामापेक्षा जास्त द्रव पोटात घातलं होतं. स्पोर्ट्स ड्रिंक पिणारेही यातून सुटले नव्हते.

म्हणून व्यायामाच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मधे प्यायलेलं पाणी हिशेबात धरा. घटलेला एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. दोन-चार वेळा मोजलं की तुमचा घाम तुम्हाला कळतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर लघवीतून जाणारं सोडियम बरंच आटोक्यात येतं, तेव्हा विश्रांतीच्या दिवशीचं जादा मीठ कमी करून पाहता येतं. आणि व्यायामानंतर काट्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर मीठ वाढवायचं नाही. पुढच्या वेळी पाणी कमी प्यायचं.